हिरव्या दालनाचं छत

गास्पारे फेर्रान्तेल्ली कुणाच्याही घरी गेला की बसायच्या आधी एकदा वर बघायचा. पंखा, दिवा, छताचे कोपरे, ओलीचा एखादा डाग, सगळं नजरेखालून घालायचा आणि मगच खुर्ची ओढायचा. तीही भिंतीला लागून. चर्चमध्ये तो घुमटाखाली कधी बसला नाही, खांबाला पाठ लावून उभा राहायचा. पालेर्मोतल्या ज्या शाळेत त्याने तेहतीस वर्षं शिपायाची नोकरी केली, तिथल्या मास्तरीणबाई त्याला चिडवायच्या, की बाबा रे, वर एवढं काय बघतोस, देवबीव दिसतो की काय. तो हसायचा, झाडू उचलायचा आणि पुढच्या वर्गात निघून जायचा.

या सवयीमागचं कारण शाळेत कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या बायकोला, मिम्माला, ठाऊक होतं. लग्नाआधीच त्याने तिला सगळं सांगून टाकलं होतं आणि वर म्हणाला होता, आता नको म्हणायचं असेल तर म्हण. मिम्मा कापोच्या बाजारातल्या मासेवाल्याची मुलगी. ती म्हणाली होती, मी काय छताशी लग्न करतेय?

गास्पारे मूळचा चुन्याच्या नक्षीचं काम करणारा मिस्त्री. हा हुन्नर त्याला कोझिमोमामाने शिकवला. चुना भिजवून दोन-दोन वर्षं खड्ड्यात मुरवायचा, मग त्यात संगमरवराची पूड कालवायची, आणि तो लोण्यासारखा झाला की थापीने, कोरणीने, कधी नुसत्या अंगठ्याने फुलं, पानं, शिंपले आणि गुबगुबीत पंखवाली बाळं उभी करायची. शहरात असं काम येणारी माणसं तेव्हाच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. मामा म्हणायचा, पोराचा अंगठा चांगला आहे. मामाच्या तोंडून यापेक्षा जास्त कौतुक कुणी कधी ऐकलं नव्हतं.

काल्सा भागात मोंतास्प्रो घराण्याचा महाल आहे. त्यात दोन दालनं एकमेकांना लागून आहेत: एक मोठं हिरवं, जिथे पूर्वी नाचगाणं व्हायचं, आणि त्याच्या अलीकडे एक छोटं निळं, घरातल्या बायकांच्या बसण्याउठण्याचं. त्रेचाळीस साली शहरावर बाँब पडले तेव्हा हिरव्या दालनाचं अर्धं छत खाली आलं. त्यावर पत्रे टाकून दार बंद करून टाकलं आणि वीस-बावीस वर्षं ते तसंच राहिलं. सहासष्ट साली घराण्याच्या म्हाताऱ्या मालकीणबाईंनी, मार्केझाबाईंनी, मनावर घेतलं, की आपण डोळे मिटायच्या आत हे दालन पुन्हा उघडायचं. कोझिमोमामा तोवर वारला होता. काम सत्तावीस वर्षांच्या गास्पारेकडे आलं. त्याचं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम.

चौदा महिने तो परांचीवर पाठ टेकून राहिला. लाकडी कमानींना बोरूच्या काड्यांचे तट्टे ठोकायचे, त्यावर गिलाव्याचे थर चढवायचे आणि मग नक्षी, अशी ती रीत. काड्या त्याने स्वतः नदीकाठी जाऊन एकेक पारखून आणल्या होत्या. जुन्या अर्ध्या छतावरची बाळं बघून त्याने नवीन अर्ध्यावरची केली, पण चेहरे उचलले नाहीत. चेहरे गल्लीतल्या पोरांचे. काम संपलं त्या दिवशी मार्केझाबाई आल्या, मान मागे टाकून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मान दुखायला लागली, म्हणजे चांगलं झालंय.

त्यानंतर दोन महिन्यांनी, अडुसष्टच्या जानेवारीत, भूकंप झाला. बेलिचेच्या खोऱ्यात गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. पालेर्मोत तेवढी पडझड नव्हती, पण धक्के थांबेनात. लोक घरदार सोडून बागेत, मोटारींत, मैदानात राहायला गेले. थोडं शांत झालं असं वाटून माणसं घरी परतली, तोच पंचवीस तारखेला सकाळी पुन्हा जमीन हलली.

त्याच्या तिसऱ्या दिवशी महालाचा कारभारी स्कालिसी गास्पारेच्या कारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. हातमोजेही काढले नाहीत.

"तुझं छत आलं खाली," तो म्हणाला. "कामाला असलेली पोरगी सापडली त्यात, निंफा. मांडीचं हाड मोडलंय, कंबर दुखावलीय. इस्पितळात आहे. मार्केझाबाईंचं मन मोठं म्हणून पोलिसांपर्यंत गेलं नाही. पण महालाच्या आसपास पुन्हा दिसू नकोस."

निंफा गास्पारेला माहीत होती. वीस वर्षांची, कॉफीचा ट्रे घेऊन परांचीखाली उभी राहून वर हाका मारणारी. त्याने एवढंच विचारलं, की जिवंत आहे ना. कारभारी म्हणाला, आहे, आणि निघून गेला.

दोनदा तो संत्री घेऊन इस्पितळाच्या फाटकापर्यंत गेला. दोन्ही वेळा आत जाणाऱ्या माणसांकडे बघत उभा राहिला आणि परत आला. संत्री एकदा भिकाऱ्याला दिली, एकदा तशीच घरी आणली. तिसऱ्यांदा गेलाच नाही. महिन्याभरात कारखाना बंद केला, हत्यारं मोन्रेयालेच्या एका चुलतभावाला देऊन टाकली आणि मासळीबाजारात बर्फाच्या लाद्या वाहायला लागला. मिम्मा त्याला तिथेच भेटली. पुढे पाद्रीबाबांच्या शब्दाने शाळेत चिकटला. तिथे एकदा मुलांच्या मोरीतला गिलावा पडला. हेडमास्तरांनी विचारलं, तुझ्या ओळखीत कुणी मिस्त्री आहे का? तो म्हणाला, नाही.

संसार चांगला झाला. दोन मुलगे शिकले, दोघेही उत्तरेला बोलोन्याकडे गेले, तिकडेच रमले. गास्पारेची तब्येत ठीक होती, निवृत्तीनंतर तो पत्ते खेळायचा, बाल्कनीत तुळस लावायचा. फक्त काल्साच्या त्या रस्त्याने तो कधी गेला नाही. समुद्रावर जायचं तर मिम्माला घेऊन लांबचा वळसा घालायचा. मिम्माने पहिली काही वर्षं कुरकुर केली, मग सोडून दिलं.

दोन हजार नऊच्या ऑक्टोबरमध्ये चर्चच्या ज्येष्ठ मंडळींनी ठरवलं, की मोंतास्प्रो महाल बघायला जायचं. मार्केझाबाई जाऊन तीस वर्षं होऊन गेली होती. आता महाल त्यांच्या पुतण्याच्या ताब्यात होता, आणि त्याने शनिवार-रविवारी लोकांसाठी वरचा मजला उघडायला सुरुवात केली होती. मिम्माने दोघांची नावं देऊन टाकली आणि घरी येऊन, भाजी निवडता निवडता, नवऱ्याला सांगितलं.

तो म्हणाला, तू जा.

"मी तर जाणारच," मिम्मा म्हणाली. "एकोणचाळीस वर्षं मी त्या छताबरोबर संसार करतेय, गास्पारे. माझ्या सासूला मी एवढं सोसलं नाही. भोक पडलंय ना तिथे? मग मला ते भोक एकदा डोळ्यांनी बघू दे."

"बघायचं काय त्यात?"

"ते मी बघून आले की सांगीन. आणि तू नाही आलास तर तिथे सगळ्यांना सांगीन की हे माझ्या नवऱ्याने केलंय."

ती तसं काही करणार नाही हे त्याला माहीत होतं. तरी शुक्रवारी त्याने कपाटातून तपकिरी कोट काढला आणि बाहेर वाऱ्यावर टांगला. मिम्माने ते बघितलं आणि एक शब्दही काढला नाही. तिच्या बाबतीत ही मोठी गोष्ट होती.

शनिवारी सकाळी दहा-बारा माणसं महालाच्या चौकात जमली. कोपऱ्यात तेच लिंबाचं झाड होतं, की त्याच्या जागी लावलेलं दुसरं, ते गास्पारेला ओळखता येईना. तिकिटं फाडणाऱ्या मुलीने सांगितलं, की वर निंफाबाई बसलेल्या असतील, काही विचारायचं असेल तर त्यांना विचारा, त्यांना सगळं माहीत आहे.

गास्पारे जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबला. त्याने कठड्याला धरलं. मिम्माने त्याच्याकडे बघितलं, तेव्हा त्याच्या ओठांचा रंग गेला होता.

"तीच," तो म्हणाला.

"निंफा नावाच्या बायका या शहरात शंभर असतील," मिम्मा म्हणाली, पण तिचा आवाजही जरा उतरला होता. मग तिने त्याच्या दंडाला धरलं. "हे बघ. ती असली तर असली. चालतीबोलती आहे, नोकरी करतेय. तुला तेवढं तरी कळलं की नाही? चल."

तो चढला. लाल दालनातून मंडळी पुढे सरकली, चित्रं बघत, एकमेकांना हळू आवाजात काहीबाही सांगत. त्यापुढचं निळं दालन. तिथे सगळ्यांच्या माना वर गेल्या, कारण वर छतच नव्हतं. उघड्या लाकडी कमानी होत्या, त्यावर साध्या फळ्या ठोकलेल्या, आणि मधून एक विजेची वायर खाली आलेली. कुणीतरी म्हणालं, अरेरे.

गास्पारे बघत राहिला. हे निळं दालन आहे, याला मी हातसुद्धा लावला नव्हता. एवढंच त्याच्या डोक्यात आलं, आणि लगेच त्यापाठोपाठ दुसरं आलं: इथलं जुनं छतसुद्धा पडलं, तर पलीकडे माझ्या छताचं काय राहिलं असेल. पुढच्या दाराच्या उंबऱ्यावर त्याचे पाय थांबले. त्याची नजर जमिनीवर होती. हिरव्या-पांढऱ्या फरश्या, त्यावर रंगवलेल्या द्राक्षांच्या वेली, एका फरशीचा टवका उडालेला. मंडळी त्याच्या बाजूने आत जात होती. मिम्माही गेली.

आत एकदम गप्पा थांबल्या. मग मिम्माचा आवाज आला, जरा बसका.

"गास्पारे. आत ये."

तो हलला नाही.

"ये रे. सगळं आहे वर."

तो दोन पावलं आत गेला आणि त्याने वर बघितलं.

सगळं होतं. वेली होत्या, शिंपले होते, चारी कोपऱ्यांत फळांच्या टोपल्या होत्या. जुन्या अर्ध्या छतावरची बाळं होती आणि त्यांच्या समोर त्याची बाळं. चुना जुन्या हस्तिदंतासारखा पिवळट झाला होता, आता कुठलं अर्धं कुणाचं ते दुसऱ्या कुणाला सांगता आलं नसतं. खिडकीकडच्या बाजूला एक केसाएवढी बारीक भेग होती, हातभर लांब, बाकी कुठे काही नाही. तो डावीकडून उजवीकडे बघत गेला, मग पुन्हा उजवीकडून डावीकडे, एकेक बाळ मोजल्यासारखा. कान लाल झाले होते. मिम्मा त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. तिला वाटत होतं हा आता पडणार, म्हणून तिने त्याच्या कोटाची बाही घट्ट धरून ठेवली होती.

दाराशेजारी एका खुर्चीवर एक बाई बसलेली होती. आखूड कापलेले करडे केस, जाड चष्मा, मांडीवर आडवी ठेवलेली काठी. मंडळींपैकी एकीने तिला विचारलं, की मागच्या खोलीचं काय झालं हो?

"भूकंपात पडली," निंफा म्हणाली. हे तिने शंभरदा सांगितलेलं असावं, कारण तिने ते अगदी मजेत सांगितलं. "अडुसष्ट साली. आणि एकटी नाही पडली, माझ्या अंगावर पडली. मी पडदे झटकत होते. तीन महिने इस्पितळात होते. बाहेर आले तेव्हा या पायाने ठरवून टाकलं होतं, की आपण आता त्या पायाच्या जरा मागूनच चालायचं."

लोक हसले. गास्पारे हसला नाही. तो तिच्या खुर्चीपर्यंत गेला.

"कुठल्या खोलीत?" त्याने विचारलं.

"तिथे, निळ्या खोलीत. आताच बघितलीत ना?"

"या खोलीत नाही?"

निंफाने चष्म्यातून वर पाहिलं. "इथे कसं पडेल? हे छत तर पक्कं. एवढे धक्के बसले, चिमूटभर चुना खाली आला नाही. मला निळ्या खोलीतून बाहेर काढून इथेच आणून ठेवलं होतं, या फरशीवर, डॉक्टर येईपर्यंत. तासभर मी ही बाळंच बघत होते. एकालाही माझी दया आली नाही, सगळी आपली हसतायत."

"ती हसत नाहीयेत," गास्पारे म्हणाला. "ती भांडतायत. टोपलीतल्या अंजिरांवरून."

निंफाने चष्मा काढला, गळ्याभोवती बांधलेल्या रुमालाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला.

"मिस्त्री," ती म्हणाली. "तुम्ही जर्मनीला नव्हता का गेलात?"

पुढचं सगळं खाली, स्वयंपाकघरात, कॉफी पिता पिता बाहेर आलं. मंडळी महाल बघून घरी गेली होती. निंफाने तिकिटांच्या मुलीला वर बसवलं आणि या दोघांना मागच्या जिन्याने खाली नेलं.

तिने सांगितलं ते असं. निळ्या खोलीचं छत पावणेदोनशे वर्षांचं होतं आणि त्याच्या काड्या किडीने खाल्लेल्या होत्या. हे गास्पारेनेच कारभाऱ्याला सांगितलं होतं. माळ्यावरून काम करताना त्याला ते दिसलं होतं आणि त्याने खाली उतरून स्कालिसीला म्हटलं होतं, की तिथे माणसं बसू देऊ नका, खाली टेकू तरी लावा. निंफा तेव्हा कॉफी घेऊन आली होती, तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. स्कालिसी म्हणाला होता, तुला जे काम दिलंय ते कर. बाईंना त्याने यातलं काही सांगितलं नाही. पुढे ते छत पडलं तेव्हा तो घाबरला असणार. मिस्त्री महालात आला असता आणि बाईंसमोर एक वाक्य बोलला असता, तर स्कालिसीची नोकरी गेली असती. म्हणून त्याने मिस्त्रीला तिकडे एक सांगितलं आणि महालात दुसरं. महालात सांगितलं, की फेर्रान्तेल्ली जर्मनीला गेला, तिकडे कारखान्यात लागला. त्या वर्षी निम्मा पालेर्मो जर्मनीला जात होता, कुणाला शंका येणार?

"बाई कितीदा म्हणाल्या, त्याला पत्र लिहा, निळी खोली त्याच्याकडूनच करून घ्यायचीय," निंफा म्हणाली. "स्कालिसी म्हणायचा, पत्ता मिळत नाही. दुसऱ्या कुणाकडून करायला बाई तयार नव्हत्या. म्हणून ती खोली आजही तशी आहे."

"आणि तू? तू सांगितलं नाहीस बाईंना, ते किडीचं?" मिम्माने विचारलं. कॉफी अर्धी झाली नव्हती आणि मिम्मा तिला अगं-तुगं करू लागली होती.

"सांगितलं. पण दहा वर्षांनी, स्कालिसी मेल्यावर. आधी हिंमत नव्हती. माझा पगार त्याच्या हातात होता."

गास्पारे कपाकडे बघत होता. कारभाऱ्याला आपण असं काही सांगितलं होतं हे त्याला आठवत नव्हतं. खूप ताण दिल्यावर आठवलं, तेही अर्धवट: माळ्यावरचा उंदरांचा वास, बोटाने दाबल्यावर भुगा झालेली काडी. एवढी मोठी गोष्ट, आणि तीच डोक्यातून निसटली होती. कारभारी दारात उभा राहून बोलला ते मात्र शब्दन्शब्द लक्षात होतं.

त्याला राग यायला हवा होता. मिम्माला आला होता, तिने स्कालिसीच्या सात पिढ्यांचा मासळीबाजारातल्या भाषेत समाचार घेतला आणि निंफाने तिला मनापासून साथ दिली. पण गास्पारेला जे वाटत होतं ते रागासारखं नव्हतं. छातीवर इतकी वर्षं कुणीतरी बसलं होतं आणि आता उठून बाजूला झालं होतं, आणि श्वास पार खालपर्यंत जात होता. त्याने दोन-तीनदा मुद्दाम तसा श्वास घेऊन बघितला. मग त्याने विचारलं, की अजून थोडा वेळ वर जाऊन बसता येईल का.

दुपारी एकला महाल बंद व्हायचा. निंफाने त्याला अडीचपर्यंत बसू दिलं. तो बसला नाहीच, कोट काढून घडी करून डोक्याखाली घेतला आणि फरशीवर सरळ आडवा झाला. मिम्मा म्हणाली, ऊठ, लोक काय म्हणतील, पँटला धूळ लागतेय. मग तिने खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि वर बघत विचारलं, की तो नकट्या नाकाचा कोण. तो म्हणाला, तो चांभाराचा तोतो. आणि ती गालफुगी? ती विणकामवालीची पोर, आता अमेरिकेत असते. असं करत त्यांनी सगळं छत संपवलं.

त्या संध्याकाळी मिम्माने दोन्ही मुलांना फोन करून सांगितलं, की तुमच्या बापाचं छत उभं आहे. मोठ्याला काही कळलंच नाही. गास्पारेने मुलांना ही गोष्ट कधी सांगितली नव्हती. मिम्माने मग पहिल्यापासून सांगितली, आणि गास्पारे शेजारी बसून ऐकत राहिला, जणू तोही पहिल्यांदाच ऐकतोय.

पुढच्या रविवारी निंफा जेवायला आली. मिम्माने तिच्यासाठी छोट्या कड्यांच्या आकाराचा पास्ता केला होता, मटार, खिमा आणि तळलेली वांगी घालून भट्टीत भाजलेला. निंफाने पहिला घास घेतला आणि विचारलं, यात उकडलेलं अंडं नाही का घातलं? मिम्मा म्हणाली, आमच्याकडे नाही घालत. निंफा म्हणाली, असं होय. त्या दोन शब्दांवरून दोघींचं फळं येईपर्यंत चाललं होतं.

गास्पारे आठवडाभर मनाशी काहीतरी जुळवत होता. फळं आली तेव्हा त्याने ते काढलं.

"निंफाबाई, मला एक सांगायचंय. मी तुम्हाला भेटायला आलो नाही इस्पितळात."

"मला वाटलं तुम्ही जर्मनीला आहात."

"मी इथेच होतो. फाटकापर्यंत आलो होतो, दोनदा. आत यायची छाती झाली नाही. छत माझं नव्हतं हे आता कळलं. तेव्हा माझंच आहे असं मला वाटत होतं, आणि तरी मी आलो नाही. ते काही स्कालिसीने नाही केलं. ते मी केलं."

निंफा सफरचंद सोलत होती. तिने सालीची लांब फीत पूर्ण होऊ दिली.

"मग ऐका," ती म्हणाली. "खोटं नाही सांगत. आला असतात तर मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं असतं, की निळं पडलं, हिरवं नाही. पाच मिनिटांचं काम होतं."

मिम्माने पाण्याची बाटली उचलली आणि न ओतताच खाली ठेवली. गास्पारेच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. एकेचाळीस वर्षं आणि एक फाटक. मग त्याने मान हलवली, एकदा, सावकाश. "हो," तो म्हणाला. "खरं आहे."

"माफी मागताय का?"

"हो."

"दिली," निंफा म्हणाली. तिने सफरचंदाची फोड सुरीच्या टोकावर धरून त्याच्यापुढे केली. "आता खा. आणि असं तोंड करू नका. मी त्या वेळी वीस वर्षांची होते. माझ्याकडे येणारे सगळे रडत यायचे. तुम्ही येऊन रडला असतात तर मी तुम्हाला हाकलूनच दिलं असतं, छताचं सांगायचं राहूनच गेलं असतं."

मिम्मा आधी हसली. मग गास्पारे हसला, फोड तोंडात असतानाच, आणि त्याला ठसका लागला, तेव्हा दोघींनी दोन्ही बाजूंनी त्याच्या पाठीत गुद्दे घातले.

चार वाजता तो निंफाला बसपर्यंत पोचवायला निघाला. मिम्माने उरलेला पास्ता डब्यात भरून दिला होता. रस्त्यावर दुकानं बंद होती, एका बाल्कनीत रेडिओवर फुटबॉलचा सामना चालू होता. निंफा हळू चालायची, तोही तिच्या चालीने चालत होता. त्याने विचारलं, की या पायामुळे आयुष्यात काय काय गेलं. ती म्हणाली, नाच गेला, ते वाईट वाटलं. आणि एक पोलीस होता, लग्न करायचं म्हणत होता, पाय बघून पळाला. पुढे तो तीनदा लाच घेताना सापडला, तेव्हा पायाचे आभार मानले. बाकी मार्केझाबाईंनी मला शेवटपर्यंत कधी कामावरून कमी केलं नाही, महालात माझी खोली आहे, खिडकीतून समुद्राचा एक तुकडा दिसतो.

बस आली. तिने काठी आणि डबा त्याच्या हातात दिला, दांडा धरून एकेक पायरी वर गेली आणि मग दोन्ही वस्तू परत घेतल्या. ड्रायव्हर घाई न करता थांबला होता.

"पुढच्या रविवारी तुम्ही दोघं माझ्याकडे," ती वरून म्हणाली. "पास्ता मी करते. बायकोला सांगा, अंडं घालून कसा लागतो ते एकदा खाऊन बघ म्हणावं."